खुंट्या, मणी आणि करवत: हाताचं काम उपचार कसं ठरतं?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाला घरी सोडताना डॉक्टर फिजिओथेरपी सांगतात आणि बऱ्याचदा सोबत ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचारही सांगतात. पहिली काय असते ते बहुतेकांना माहीत असतं. दुसरीकडे गेल्यावर मात्र नातेवाईक चक्रावतात. तिथे फळीवरच्या भोकांत खुंट्या बसवायला देतात, मणी ओवायला देतात, शर्टाची बटणं लावायला सांगतात. एवढ्या मोठ्या दुखण्यावर हे बालवाडीचे खेळ कसले, असं पुष्कळांना वाटतं आणि चार खेपांनंतर जाणं थांबतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या खुंट्या-मण्यांमागे सव्वादोनशे वर्षांचा विचार आहे. तो समजला तर घरातल्या आजारी माणसाकडे, आणि त्याच्या रिकाम्या हातांकडे, आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

साखळदंडाऐवजी सुई

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात वेड लागलेल्या माणसाला बांधून ठेवणं, रक्त काढणं, थंड पाण्यात बुडवणं हे उपचारच समजले जात. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात हॅना मिल्स नावाची एक विधवा १७९० साली अशाच एका वेडालयात वारली. ती क्वेकर या ख्रिस्ती पंथाची होती, आणि तिच्या पंथातल्या माणसांना तिला भेटूही दिलं गेलं नव्हतं. विल्यम ट्यूक हा त्याच पंथातला चहाचा व्यापारी. ही गोष्ट त्याच्या जिव्हारी लागली. त्याने पुढाकार घेऊन १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ नावाची वेगळी संस्था उघडली. तिथे रुग्णांना माणसासारखं वागवायचं, मारहाण करायची नाही आणि दिवसभर काही ना काही काम द्यायचं, असं ठरलं. बाग, शेत, शिवण, विणकाम ही त्यातली मुख्य कामं. भरकटणाऱ्या मनाला ताळ्यावर आणायला धाकापेक्षा काम बरं, हा त्यामागचा साधा विचार होता.

तो सरळ रेषेत पुढे गेला नाही. वेडालयं मोठी होत गेली, रुग्णांची गर्दी वाढली, आणि पाऊणशे-ऐंशी वर्षांनी अमेरिकेत तर उलटंच वारं वाहू लागलं. फिलाडेल्फियाचे नामांकित डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८७० च्या दशकात ‘विश्रांती उपचार’ रूढ केला. तो प्रामुख्याने बायकांवर होत असे. काही रुग्णांना पहिले चार-पाच आठवडे उठून बसायची परवानगी नसे. शिवण नाही, लिहिणं-वाचणं नाही. दात घासण्यापलीकडे हात चालवू द्यायचे नाहीत, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. थकलेल्या मज्जासंस्थेला आराम मिळावा हा हेतू. पण आठवडेच्या आठवडे छताकडे पाहत पडून राहिलेल्या बाईचं मन आणखी खोल रुतत जात असेल, हे समजायला डॉक्टर असायची गरज नाही.

याला छेद दिला हर्बर्ट हॉल या डॉक्टरने. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड या समुद्रकाठच्या गावात १९०४ साली त्याने रुग्णांना हातमाग आणि कुंभाराचं चाक दिलं. १९०६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने या प्रयोगासाठी त्याला एक हजार डॉलर दिले. त्याच सुमाराला बॉस्टनमधल्या सुझन ट्रेसी ही परिचारिका इतर परिचारिकांना शिकवत होती की, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला काय काय करता येईल: एकाच हाताने करता येणारं काम, डोळे बांधलेल्याला करता येणारं काम. तिचं पुस्तक १९१० मध्ये निघालं.

त्या काळाची हवाही ध्यानात घ्यायला हवी. कारखान्यांनी कारागिराच्या हातून पूर्ण वस्तू काढून घेतली होती. दिवसभर एकच कळ दाबणाऱ्या कामगाराला आपण काय बनवलं हे दिसतच नव्हतं. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि हस्तकलेची मोठी चळवळ उभी राहिली. हॉलचा हातमाग याच हवेतून आलेला.

मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मूठभर माणसं जमली आणि त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची पहिली संघटना स्थापन केली. यजमान होता जॉर्ज बार्टन. तो वास्तुविशारद होता. क्षयाने ग्रासलेला, पायाचा भाग कापावा लागलेला, वर शरीराची एक बाजू लुळी पडलेली. बागकाम आणि सुतारकाम करत तो स्वतः सावरला होता. दुसरे होते विल्यम रश डंटन हे मनोविकारतज्ज्ञ. त्यांना ठिगळांच्या रजयांचं इतकं वेड की पुढे त्यांनी त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि खचलेल्या बायकांसाठी रजयांची प्रदर्शनं भरवली. त्या बैठकीनंतर तीन आठवड्यांच्या आत अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, आणि त्यांच्या विचाराची कसोटी लागली.

भरतकाम करणारे सैनिक

महायुद्धातून परतलेल्या सैनिकांत हातपाय गमावलेले होते तसेच बाहेरून धडधाकट पण आतून मोडलेलेही होते. तोफांच्या माऱ्याने कुणाची वाचा गेलेली, कुणाचे हात थरथरत राहिलेले. इंग्लंडच्या लष्करी रुग्णालयांत या पुरुषांच्या हाती सुई-दोरा दिला गेला. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये वेदीपुढे टांगायचं मोठं भरतकामाचं वस्त्र जखमी सैनिकांनी भरलं. त्यात ब्रिटनबरोबर ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेचेही सैनिक होते, शंभराहून जास्त जण. प्रत्येकाने आपापल्या रुग्णालयात आपला तुकडा भरला आणि मग ते जोडले गेले. १९१९ च्या कृतज्ञता प्रार्थनेला ते वस्त्र वेदीवर होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतूनही ते वाचलं आणि आजही आहे.

अर्नेस्ट थेसिजर हा नट १९१५ मध्ये आघाडीवर हाताला जखम होऊन परतला होता. भरतकामाची त्याला आधीपासून आवड. अपंग सैनिकांना हे काम शिकवावं, असं तो सांगत राहिला. पुरुषांना न शोभणारं म्हणून आधी नकार मिळाला. १९१८ मध्ये अपंग सैनिकांचा भरतकाम उद्योग उभा राहिला तेव्हा तो त्यात आघाडीवर होता. घरात पडून असलेला, खुर्चीत बसूनच काम करू शकणारा माणूस त्यातून चार पैसेही मिळवू लागला.

सुईने त्यांचं नेमकं काय भलं होत होतं? याचं एक उत्तर बऱ्याच वर्षांनी, २००६ मध्ये, एका वेगळ्याच प्रयोगातून मिळालं. इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी निरोगी माणसांना भीषण अपघातांची चित्रफीत दाखवली. ती पाहताना काही जणांच्या हाती मऊ चिकणमातीसारखं प्लॅस्टिसिन दिलं आणि त्याचे लहान घन आणि पिरॅमिड करायला सांगितलं. पुढच्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांपुढे ती भयानक दृश्यं अचानक उभी राहण्याचं प्रमाण कमी होतं. संशोधकांचं म्हणणं असं की, आकार घडवायला मेंदूचं जे यंत्र लागतं तेच चित्र साठवायलाही लागतं. ते एका कामात गुंतलं की दुसऱ्याला पुरेसं उरत नाही. खंदकात पाहिलेलं पुसलं जात नव्हतं. पण टाका नक्षीच्या रेघेवर पडतोय का, याकडे लक्ष असेपर्यंत त्या चित्रांना आत यायला वाट अरुंद होत असावी.

परळ आणि वेल्लोर

भारतात ही विद्या रुजवली ती कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. १९३० मध्ये विष्णू निंबकरांशी लग्न झालं आणि त्या इथल्याच झाल्या. चाळिशी ओलांडल्यावर फिलाडेल्फियाला जाऊन त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं. १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघात भारत संस्थापक सदस्य होता. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही मराठी शाळा त्यांच्याच नावाची. एवढं मोठं काम केलेल्या या बाईंचं नाव मराठी घरांत फारसं कुणाला ठाऊक नाही.

साधारण याच काळात तमिळनाडूतल्या वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करत होते. कुष्ठरोगात काही स्नायूंच्या नसा निकामी होतात आणि बोटं पक्ष्याच्या नख्यांसारखी वळतात. चांगल्या स्नायूचा कंडरा हलवून ब्रँड ती सरळ करत. शस्त्रक्रिया छान व्हायच्या, पण रुग्ण परत येऊन सांगू लागले की आता भीकही मिळत नाही. वाकडा हात पाहून लोक नाणं टाकायचे. सरळ हाताला ते टाकत नव्हते आणि काम तर कुणीच देत नव्हतं. हात दुरुस्त झाला, माणूस तिथेच राहिला.

मग वेल्लोरलाच नवजीवन केंद्र नावाची छोटी वसाहत झाली आणि तिथे सुतारकाम सुरू झालं. डॉक्टर होण्याआधी ब्रँड यांनी स्वतः बांधकामाचं आणि सुतारकामाचं शिक्षण घेतलेलं होतं, त्यामुळे शिकवायला तेच उभे राहिले. मुलं लाकडी खेळणी बनवू लागली. आणि इथेच एक महत्त्वाचा शोध लागला. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असा तेव्हा सगळ्यांचा समज होता. कामशाळेत जखमांवर बारीक नजर ठेवल्यावर दिसलं की, बोटं झडत नव्हती. दुखलेलं कळत नसल्यामुळे ती मार खाऊन झिजत होती. हातोडीच्या दांड्याचं कुसळ घुसलं, कळलं नाही. रंधा मारताना फोड आला, तसंच काम चालू राहिलं. एकदा गंजलेलं कुलूप ब्रँडना उघडेना. बारा-एक वर्षांच्या एका मुलाने किल्ली घेतली आणि झटक्यात फिरवली. एवढी ताकद कुठून आली म्हणून ब्रँडनी त्याचा हात पाहिला, तर किल्लीने बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि मुलाला पत्ताही नव्हता. आपण किल्ली किती जोरात दाबायची हे दुखण्यावरून ठरवतो. त्याला थांबवणारं काहीच नव्हतं.

त्यानंतर हत्यारं बदलली, दांड्यांना मऊ वेष्टणं आली. रोज संध्याकाळी स्वतःचे हात डोळ्यांनी तपासायचे, हा नियम झाला. मला या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं हेच वाटतं. काम कितीही चांगलं असो, ते त्या माणसाच्या हाताला बेतलेलं नसेल तर त्याच कामाने हात जातो. थेरपिस्टचं कसब या बेतण्यात असतं. हातमागाचंच पाहा. फणी स्वतःकडे ओढताना कोपर आणि खांदा चालतो, धोटा सरकवताना मनगट वळतं, पायाखालची पट्टी दाबताना घोटा हलतो. ज्याचा घोटा आखडला आहे त्याच्यासाठी ती पट्टी जड करायची. ज्याचा खांदा वर जात नाही त्याच्यासाठी सूत उंचावर ठेवायचं. विणणाऱ्याला वाटतं आपण पट्टा विणतोय, आणि खांदा शेकडो वेळा वर जाऊन येतो. हवेत नुसता हात नेण्यापेक्षा खरी वस्तू घ्यायला हात नेला तर हालचाल अधिक सफाईदार होते, हे पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या प्रयोगांतही दिसलं आहे. मेंदूच्या हालचालींच्या नकाशात बोटांनी आणि पंजाने अडवलेली जागा अख्ख्या धडाच्या जागेहून मोठी आहे. सुरुवातीच्या त्या मणी-खुंट्यांचं कोडं इथे सुटतं.

काम कुणासाठी?

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. ‘काम हाच उपचार’ म्हणत जगभरच्या मनोरुग्णालयांनी रुग्णांकडून फुकट राबवून घेतलं. भारतातल्या ब्रिटिशकालीन वेडालयांत रुग्ण विणत होते, शेती-बाग करत होते, आणि त्या उत्पन्नावर संस्थेचा खर्च भागतो याचं वरिष्ठांना समाधान होतं. अमेरिकेत १९७३ मध्ये न्यायालयाने रुग्ण-कामगारांनाही किमान वेतनाचा कायदा लागू आहे असं सांगितलं. त्यावर अनेक रुग्णालयांनी वेतन देण्याऐवजी कामच बंद केलं आणि रुग्ण रिकामे बसले. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम २० ने हे नीट मांडलं आहे: रुग्णावर कामाची सक्ती करता येणार नाही, आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला त्याला मिळाला पाहिजे.

दुसऱ्या टोकाला नुसता वेळकाढूपणा असतो. कुणालाही नको असलेल्या टोपल्या विणायच्या, त्या कपाटात टाकायच्या, परत नव्या विणायच्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर टोपल्या विणणं ही या व्यवसायाची टिंगलच झाली होती. आपण वैज्ञानिक दिसावं म्हणून थेरपिस्ट मंडळींनीही हातकाम बाजूला सारलं आणि यंत्रं जवळ केली. तेव्हा १९६१ मध्ये मेरी रायली यांनी एका भाषणात आपल्याच लोकांना आठवण करून दिली की, मन आणि इच्छा यांच्या बळावर चालणाऱ्या हातांनी माणूस स्वतःच्या आरोग्यावर परिणाम घडवू शकतो.

वरोऱ्याजवळ आनंदवन उभं करताना बाबा आमट्यांनी ही दोन्ही टोकं टाळली. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये यांच्यासह सुरू झालेल्या त्या माळरानावर आधी विहीर खणली गेली आणि शेती झाली, मग हातमाग आला. बरे झालेले कुष्ठरोगी चादरी, सतरंज्या विणू लागले. लोकांना त्या वस्तू हव्या होत्या, हा मुद्दा. ज्याच्या हाताला कुणी शिवत नव्हतं, त्याच्या हाताने विणलेलं कापड कुणीतरी पैसे मोजून घरी नेत होतं.

रुग्ण हा दिवसभर घेणारा असतो. औषध घेतो, पथ्याचं जेवण घेतो, दुसऱ्याच्या हातून अंघोळसुद्धा घेतो. हे सतत घेणं माणसाला आतून खचवतं, असं माझं ठाम मत आहे. हाताने काही बनवलं की तो देणाराही होतो. आपल्याकडचा बाळंतविडा घ्या. आजी स्वतः गुडघ्यांनी जखडलेली असते, पण नातवंड येणार म्हटल्यावर तिच्या जुन्या लुगड्यांची दुपटी होतात. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं सुती कापड बाळाच्या कातडीला टोचत नाही आणि ओल पटकन टिपतं. चार पदर एकावर एक लावायचे, कडेने धावदोरा सुरू करायचा आणि आत आत वळत यायचं. त्या दिवसांत तिला कुणी आजारी म्हणत नाही.

हेच दुःखातही होतं. अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या माणसांनी प्रत्येकाच्या नावाचा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा, कापडाचा तुकडा शिवला. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर असे १,९२० तुकडे पसरले होते. ज्यांना अंत्यविधीलाही कुणी हात लावायला तयार नव्हतं, त्यांच्यासाठी कुणीतरी रात्र-रात्र बसून अक्षरं शिवली होती.

पुरावा किती, आणि घरी काय करावं?

उत्साहाच्या भरात जास्तीचं बोलू नये. विणकामाबद्दल नेहमी सांगितली जाणारी पाहणी २०१३ ची आहे. ३,५४५ विणणाऱ्यांनी उत्तरं दिली, आणि जास्त वेळा विणणारे अधिक शांत आणि आनंदी वाटतं असं सांगत होते. पण ही मुळातच विणकामाची आवड असलेली माणसं. २०१६ मध्ये फिलाडेल्फियात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद-चिकटकाम करायला दिलं. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरलं. चांगली खूण आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून नैराश्याची गोळी बंद करून क्रोशा हाती घ्या, असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका.

स्मृतिभ्रंशाबाबत मात्र एक गोष्ट भक्कम आहे. नावं-प्रसंग लक्षात ठेवणारी स्मृती आणि हाताच्या सवयीची स्मृती मेंदूत वेगळ्या ठिकाणी असते. १९५३ च्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेझन या अमेरिकन रुग्णाच्या नव्या आठवणी राहीनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दर दिवशी त्याला आपण हे आधी केल्याचं आठवत नसे, आणि दर दिवशी हात जास्त सफाईने चाले. अल्झायमरमध्येही सवयीची ही स्मृती बराच काळ तग धरते. सुनेचं नाव विसरलेली आजी कापसातली सरकी काढून, पेळू ओढून तळहातावर सुरेख वात वळते, ती यामुळेच.

म्हणून घरच्या माणसासाठी काम शोधताना नवी कला शिकवायच्या मागे लागू नका, जुनी सवय शोधा. ज्याने आयुष्यभर दुकान चालवलं त्याला सुटी नाणी लावायला, पुड्या बांधायला द्या. वाती वळल्या तर त्या खरोखर देवापुढे लावा, शेजारी द्या; पाठ फिरली की कचऱ्यात टाकू नका. त्यांना ते कळतं. सुई धरवत नसेल तर जाड सुई आणि लोकर द्या, चमच्याच्या किंवा करवतीच्या दांड्याला फडकं गुंडाळून जाडी वाढवा. मधुमेहाने बोटं बधिर झाली असतील तर वेल्लोरचा नियम लागू: काम झाल्यावर हात उजेडात पाहायचे. दमणूक दिसली की आवरतं घ्या. आणि केईएमसारख्या मोठ्या सरकारी-पालिका रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग असतो, तिथे पहिल्याच भेटीत आपल्या माणसाचा आजार सांगून झाल्यावर एवढंही सांगा की, हा पूर्वी शिंपी होता, किंवा ही तीस वर्षं पोळ्या लाटून द्यायची. थेरपिस्टला त्याची गरज असते आणि केसपेपरवर त्यासाठी रकाना नसतो.